दांडी उद्या बसवता येते, दार आजच रुंद हवं

'ज्येष्ठस्नेही', 'अडथळामुक्त', 'युनिव्हर्सल डिझाइन' हे शब्द घरांच्या जाहिरातींत आता सर्रास दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० मध्ये जगातल्या दर सहा माणसांपैकी एक साठ वर्षं किंवा त्याहून मोठा असेल. आजही जगातली सुमारे १६ टक्के माणसं लक्षणीय अपंगत्वासह जगत आहेत. तेव्हा हे शब्द वाढणारच. पण असं नाव लावलेल्या अनेक घरांत प्रत्यक्षात सापडते ती न्हाणीघरातली स्टीलची एक दांडी. न्हाणीघराचं दार ६० सेंटीमीटरचं, दारात दहा सेंटीमीटरचा उंबरठा आणि पलीकडच्या भिंतीवर ती चकचकीत दांडी. ज्याला तिची गरज आहे त्याचा वॉकर दारातच अडतो.

## तीन वेगळ्या गोष्टी

'युनिव्हर्सल डिझाइन' ही कल्पना रुजवली ती रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुरचनाकाराने. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते स्वतः व्हीलचेअर वापरत. वस्तू आणि जागा शक्य तितक्या जास्त माणसांना वापरता याव्यात, कुणासाठी वेगळी खास सोय करावी लागू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये या विचाराची सात तत्त्वं मांडली गेली. मराठीत या कल्पनेला 'सर्वांसाठीची रचना' म्हणता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे अनुकूलन. उभं असलेलं घर एका ठरावीक माणसाच्या गरजेनुसार बदलणं. कुणाला पक्षाघात झाला, आता डावा हात चालत नाही, म्हणून उजवीकडे दांडी बसवली, तर ते अनुकूलन झालं.

तिसऱ्या गोष्टीला मराठीत शिंप्याचा एक शब्द चपखल बसतो : माया. मुलाचा सदरा शिवताना शिंपी शिवणीच्या आत कापड जास्त सोडतो. आज ते दिसत नाही, पण मुलगा वाढला की शिवण उसवून सदरा मोठा करता येतो. माया सोडलीच नसेल तर कितीही चांगला शिंपी आणा, सदरा टाकूनच द्यावा लागतो. घरातही तसंच आहे. दाराची रुंदी, फरशीची पातळी, भिंतीच्या आतला आधार आणि सांडपाण्याच्या नळाची जागा ही घराची माया. ती बांधताना किंवा मोठी दुरुस्ती काढताना सोडली, तर नंतरची जवळपास प्रत्येक सोय एका दिवसाचं काम होते. नाही सोडली, तर प्रत्येक वेळी घण हातात घ्यावा लागतो.

## अपंगत्व शरीरात किती आणि घरात किती?

घरातलं प्रत्येक काम शरीराकडे काहीतरी मागत असतं. गोल मूठ फिरवायला मनगटाची ताकद लागते, उंच फळीवरचा डबा काढायला खांदा आणि तोल, रात्री शौचालयाला जायला नजर आणि दिशेचं भान. काम जेवढं मागतं तेवढं शरीराकडे असेल तोवर कुणाला काही जाणवत नाही. मागणी जास्त झाली की माणूस अडतो. शरीराची क्षमता वाढवणं अनेकदा हातात नसतं. घराची मागणी कमी करणं मात्र पूर्णपणे हातात असतं.

आणि ही मागणी फक्त वृद्धांना जड जात नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण, कडेवर मूल घेतलेली आई, दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस, चार वर्षांचं मूल, हे सगळे त्याच मुठीपाशी आणि त्याच उंबरठ्यावर अडतात. एक साधी चाचणी आहे. हाताची मूठ घट्ट मिटा आणि त्या मिटल्या मुठीने घरातलं प्रत्येक दार, नळ, खिडकी आणि कपाट उघडून पाहा. जे उघडत नाही ते सांधेदुखी झालेल्या हातालाही उघडणार नाही. गोल मुठीऐवजी आडवी दांडीची मूठ आणि फिरकीच्या नळाऐवजी लांब दांडीचा नळ, एवढ्या दोन बदलांनी या चाचणीत बहुतेक घरं खूप सुधारतात.

## दाराची छापील रुंदी आणि खरी रुंदी

'आमचं दार ८० सेंटीमीटरचं आहे' असं सांगितलं जातं तेव्हा ती रुंदी झडपेची असते. दार काटकोनात उघडलं तरी झडपेची जाडी, म्हणजे साडेतीन-चार सेंटीमीटर, वाटेतच राहते. चौकटीच्या खाचेत आणखी एक-दीड सेंटीमीटर जातात. हातात उरतात ७५ सेंटीमीटर. व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद असते आणि चाक हाताने फिरवणाऱ्याची बोटं आणि कोपरं त्याच्या बाहेर येतात. म्हणजे बोटं सोलवटून घेतल्याशिवाय या दारातून जाता येत नाही. मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर हवी आणि त्यासाठी झडप ९० ची लागते.

दारासमोरचा मार्ग अरुंद असेल तर एवढंही पुरत नाही. सरळ आत जाणं वेगळं आणि ९० सेंटीमीटरच्या बोळातून वळून आत जाणं वेगळं. बोळ १२० सेंटीमीटरचा असेल तर वळण सुखाचं होतं.

जवळपास प्रत्येक घरात चुकते ती आणखी एक गोष्ट. दार ज्या बाजूला ओढून उघडायचं, त्या बाजूला मुठीशेजारी ४५ ते ६० सेंटीमीटर मोकळी भिंत हवी. व्हीलचेअरवर किंवा वॉकर घेऊन असलेल्या माणसाला मुठीशेजारी थांबून दार ओढायचं असतं. तिथे कपाट किंवा कोपरा असेल तर तो माणूस दाराच्या वाटेतच उभा राहतो आणि उघडणारं दार त्याच्याच अंगावर येतं. नकाशावर हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम विचारावं लागतं.

दार आधीच अरुंद असेल तर भिंत फोडण्याआधी बिजागऱ्या बदलून पाहाव्यात. ऑफसेट बिजागरीने झडप उघडल्यावर चौकटीच्या मोकळ्या जागेतून पूर्ण बाहेर सरकते आणि झडपेच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे चार सेंटीमीटर, रुंदी परत मिळते. ७६ चे ८० होणं हे वाचताना किरकोळ वाटतं. बोटं सोलवटून घेणाऱ्याला विचारा.

## लहान उंबरठा मोठ्यापेक्षा वाईट का?

पंधरा सेंटीमीटरची पायरी डोळ्यांना दिसते, पाय आपोआप उचलला जातो. दोन सेंटीमीटरची उंची डोळ्यांना दिसत नाही. वयानुसार चालताना पाऊल जमिनीपासून कमी उचललं जातं, आणि पायाची बोटं नेमकी तिथेच अडतात. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाचंही तेच होतं. चाक अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून घरातला उंबरठा शून्य असावा. काढताच येत नसेल तर १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्याची कड उतरती करून घ्यावी. पडणं ही गंमत नाही. जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यातली सर्वाधिक साठीच्या पुढची असतात.

प्रवेशद्वारापाशी पायऱ्या असतील तर उताराचा हिशेब करावा लागतो. मान्य प्रमाण आहे १ ला १२ : एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर चढ, त्यासाठी ५.४ मीटर लांब उतार. स्वतःच्या हाताने चाक फिरवणाऱ्याला १ ला १२ सुद्धा दमवतो. जागा असेल तर १ ला १५ धरावा (पावणेसात मीटर) किंवा १ ला २० (नऊ मीटर). प्रत्यक्षात लोक त्या तीन पायऱ्यांवर दोन मीटरची फळी टाकतात. असा उतार साधारण १ ला साडेचार होतो, त्यावर व्हीलचेअर मागे उलटते आणि ढकलणाऱ्याच्या अंगावर येते.

उताराच्या वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा हवी, कारण चढावर उभं राहून कुलूप उघडता येत नाही. एकूण चढ ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये विसाव्याची सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंना किमान साडेसात सेंटीमीटरची कड हवी, म्हणजे चाक खाली घसरत नाही. पृष्ठभाग खरबरीत असावा. पॉलिश केलेला दगड पावसात उतारावर घातक असतो. आणि उतार केला म्हणून पायऱ्या पाडू नयेत. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना किंवा घोटा आखडलेल्यांना उतारापेक्षा कठडा असलेल्या पायऱ्या सोप्या जातात.

## न्हाणीघर : सगळ्यात जास्त चुका इथेच

आधी दार. ते बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. माणूस आत पडला तर त्याचं शरीर बहुधा दाराला टेकतं, आणि आत उघडणारं दार मग बाहेरून कुणालाच उघडता येत नाही. कडी अशी हवी की बाहेरून नाण्याने फिरवता येईल.

मग फरशी. अंघोळीच्या जागेभोवती कट्टा नको, सगळी फरशी एका पातळीत आणि ढाळ फक्त पाण्याच्या दिशेने. हा ढाळ मीटरला दीड ते दोन सेंटीमीटर असावा. कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर अंघोळीचा स्टूल डुगडुगतो आणि व्हीलचेअर आपोआप नाल्याकडे सरकते. कट्टा नसलेल्या न्हाणीघरात पाणी घरात येईल ही शंका रास्त आहे, पण पाणी येतं ते ढाळ आणि जलरोधन चुकल्यामुळे. जलरोधक थर फक्त शॉवरखाली देऊन भागत नाही. तो न्हाणीघराच्या पूर्ण फरशीवर आणि भिंतीवर किमान १५ सेंटीमीटर वर चढलेला हवा, शॉवरच्या भिंतींवर तर माणसाच्या उंचीएवढा. टाइल लावण्याआधी पाणी भरून किमान २४ तास ठेवावं आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहावं. दाराच्या आत लांब पट्टीचा नाला टाकला तर निसटलेलं पाणी तिथेच अडतं.

यासाठी न्हाणीघराचा स्लॅब बांधतानाच खाली घेतलेला असावा लागतो, कारण ढाळ, ट्रॅप (सांडपाण्याच्या नळातला वास अडवणारा वळणाचा भाग) आणि नळ यांना खोली लागते. ही सोडायच्या मायेतली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी बाब. जुन्या घरात ही खोली मिळवण्यासाठी स्लॅब तासून घेणं हा थेट इमारतीला धोका आहे. तिथे कमी उंचीचा ट्रॅप वापरावा, किंवा उंचीतला फरक छोट्या उताराने भरून काढावा.

टाइल ओल्या असताना किती घसरतात याची पेंड्युलम चाचणी असते. ओल्या पृष्ठभागासाठी तिचा आकडा ३६ किंवा त्याहून जास्त हवा, विक्रेत्याकडे तो मागावा. लहान टाइल मोठ्यांपेक्षा बऱ्या, कारण सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. फार खडबडीत टाइल मात्र साबणाचा थर धरून ठेवते. काही महिन्यांनी तीच घसरू लागते.

## दांडी भिंतीतून का निघते?

आधारदांडीवर माणूस पडताना लटकतो तेव्हा पूर्ण वजनाचा झटका एकदम येतो. तिने किमान ११० किलोचा भार सोसायला हवा. आता पाच सेंटीमीटरच्या स्क्रूचा हिशेब करा : टाइल आणि तिचा मसाला सव्वा ते दीड सेंटीमीटर, गिलावा दीड-दोन सेंटीमीटर. विटेत गेला तो जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. दांडी दिसायला घट्ट असते, हात लावून हलवली तर हलत नाही, आणि पहिल्या खऱ्या झटक्याला गिलाव्यासकट बाहेर येते. भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर, म्हणजे भिंतीत रुतून धरणारा बोल्ट, गिलाव्याच्या पलीकडे पाच-सहा सेंटीमीटर गेला पाहिजे, आणि तो दोन विटांमधल्या सांध्यात नको. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरतच नाही. तिथे जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवलेला बोल्ट, लागतो. बोर्डाच्या हलक्या भिंतीत आधीच १८ मिलिमीटरचा पाणीरोधक प्लायवूड बसवलेला असावा. तो दांडीपुरती पट्टी न ठेवता पूर्ण भिंतभर लावावा, कारण दांडी नेमकी कुठे लागेल हे आज ठाऊक नसतं.

टॉवेल अडकवायची दांडी आधारदांडी नव्हे, तरी घसरताना हात तिच्याकडेच जातो. म्हणून तिच्या जागीही आधारदांडीच लावावी, टॉवेल तिच्यावरही वाळतो. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्यांवर शरीराचा भार टाकू नये. टाइलचा सांधा किंवा साबणाचा थर मध्ये आला की त्या कधी सुटतील याचा नेम नसतो.

दांडीची जाडी ३.२ ते ३.८ सेंटीमीटर आणि भिंतीपासून अंतर चार सेंटीमीटर. अंतर जास्त ठेवलं तर घसरताना कोपराखालचा हात त्या फटीत अडकून मोडू शकतो. उंचीबाबत देशोदेशींच्या नियमांत बराच फरक आहे, कमोडशेजारची आडवी दांडी कुठे ६८ सेंटीमीटरवर सांगितली आहे तर कुठे ९० च्या आसपास. याचं कारण माणसं दोन पद्धतींनी उठतात. काहींना दांडीवर हात टेकून शरीर वर रेटायचं असतं. त्यांना ती बैठकीपेक्षा वीसेक सेंटीमीटरच वर हवी. काहींना समोरची उभी दांडी धरून स्वतःला ओढून घ्यायचं असतं. ज्याच्यासाठी बसवायची त्याला प्रत्यक्ष बसवून, उठायला लावून, भिंतीवर खूण करावी. तिरप्या दांडीवरून ओला हात घसरतो, म्हणून एक आडवी आणि एक उभी अशी जोडी बरी.

कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटीमीटरच्या दरम्यान असते. गुडघे दुखणाऱ्याला उंच बरी. पण बुटक्या माणसाचे पाय त्यावर लोंबकळतात आणि तोल जातो, त्यामुळे 'जेवढी उंच तेवढी चांगली' हे खरं नाही. कमोडच्या एका बाजूला ८०-९० सेंटीमीटर जागा मोकळी असेल तर व्हीलचेअर शेजारी लावून सरकता येतं. ही जागा वॉशबेसिनने खाल्लेली असते, आणि वॉशबेसिन हलवायचं तर पुन्हा नळाची जागा आडवी येते.

गरम पाण्याबद्दल थोडं अधिक. टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर लिजिओनेला हे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू वाढू शकतात. पण ६० अंशांचं पाणी साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजतं. मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या इजेमुळे पायाला संवेदना नसलेल्या माणसाला ते कळतही नाही, आणि लहान मुलांची त्वचा पातळ असते. टाकी आणि नळ यांच्यामध्ये तापमान नियंत्रित करणारा मिश्रक व्हॉल्व्ह बसवून नळाला ४३ अंशांच्या आसपास पाणी द्यावं. दोन्ही धोके टळतात.

## डोळे, कान आणि गोंधळलेलं मन

वीस वर्षांच्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. पण म्हणून एक प्रखर दिवा लावला तर त्याची तिरीप त्याच डोळ्यांना आणखी आंधळं करते. झाकलेले, विखुरलेले, जास्त संख्येचे दिवे हवेत. बिछान्यापासून शौचालयापर्यंत जमिनीपासून ३०-४० सेंटीमीटरवर, चाहूल लागताच पेटणारे मंद दिवे बसवले तर रात्रीचं पडणं टाळायला त्यांच्याएवढा सोपा उपाय नाही.

रंगाचं काम शोभेपुरतं नसतं. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड : नजर कमी झालेल्याला यातला कमोड सापडत नाही. घराचा कृष्णधवल फोटो काढून पाहावा. बैठक, स्विच, दाराची मूठ, पायरीची कड यांतलं जे त्या फोटोत हरवतं ते कमजोर डोळ्यांनाही हरवतं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाबाबत उलटीही काळजी घ्यावी लागते. दारातलं काळं पायपुसणं त्याला खड्डा वाटू शकतं, चकाकणारी फरशी ओली वाटते, आणि तो तिथे थबकतो. शौचालयाचं दार बिछान्यावरून दिसणं, हे अशा माणसासाठी कुठल्याही पाटीपेक्षा उपयोगी पडतं.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी दारावरच्या घंटीला दिव्याची जोड द्यावी, आणि धुराच्या इशाऱ्याला उशीखालच्या थरथरणाऱ्या यंत्राची. शिवाय रिकाम्या भिंती आणि टाइल यांनी खोली घुमते, श्रवणयंत्रातून मग शब्द नुसता कालवल्यासारखा येतो. जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनीही फरक पडतो.

## जिना आणि स्वयंपाकघर

पायरीची उंची १५ ते १७ सेंटीमीटर आणि पाऊल ठेवायची जागा २८ ते ३० हे माप ठीक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या तंतोतंत सारख्या हव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप शिकतो आणि पुढे न बघता चढतो. एक सेंटीमीटरचा फरकही त्याला फसवतो. हा फरक येतो कुठून? बहुधा नव्या फरशीतून. जुन्या फरशीवर नवी बसवली की खालची पायरी दोन सेंटीमीटरने बुटकी होते आणि वरची उंच. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण पक्षाघातानंतर चढताना चालणारा हात उतरताना दुसऱ्या बाजूला येतो. मुलांसाठी ६०-७० सेंटीमीटरवर दुसरी दांडी लावावी. दोन मजली घर बांधत असाल तर दोन्ही मजल्यांवर एकावर एक, साधारण दीड बाय दीड मीटरची कपाटं काढून ठेवावीत आणि त्यांच्यामधल्या स्लॅबमध्ये नंतर उघडता येईल असा गाळा अभियंत्याकडून आखून घ्यावा. उद्या लिफ्ट तिथेच बसते.

स्वयंपाकघरात ओटा कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा. एकाच घरात माणसांची उंची वेगवेगळी असते, म्हणून सगळा ओटा एका पातळीत ठेवण्याचा आग्रह सोडावा. एक तुकडा ७५-८० सेंटीमीटरवर, खाली गुडघ्यांसाठी मोकळी जागा असलेला, एवढा केला की बसून काम करणारी व्यक्ती आणि मूल दोघांची सोय होते. तिथे सिंक असेल तर ते उथळ, १५ सेंटीमीटरचं, घ्यावं आणि गरम पाण्याच्या नळाला आवरण घालावं. खालच्या कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण केले की वाकून आत डोकवावं लागत नाही.

## एकाची सोय दुसऱ्याची अडचण होत नाही का?

होते, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. दांडीची मूठ सांधेदुखीला सोपी तशी दोन वर्षांच्या मुलालाही सोपी. शेगडीची बटणं पुढे असली की बसलेल्याला ज्योतीवरून हात न्यावा लागत नाही, पण मुलाचा हात तिथे पोहोचतो. व्हीलचेअरला मोकळी खोली हवी, तर तोल जाणाऱ्याला चालताना दोन-दोन पावलांवर धरायला काहीतरी हवं.

तडजोड जागेनुसार करावी. बाल्कनीच्या आणि बाहेरच्या दाराला किल्लीचं कुलूप, आतल्या दारांना मोकळी मूठ. शेगडीला बटणं कुलूपबंद करणारी सोय असलेलं मॉडेल. मोकळ्या खोलीत भिंतीलगत सलग कठडा. बाल्कनीच्या कठड्याला उभे गज, दोन गजांमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा कमी फट : मूल चढू शकत नाही आणि खुर्चीत बसलेल्याला बाहेर दिसतं. प्रत्येक संघर्ष सुटत नाही. जो सुटत नाही तिथे आज घरात कोण राहतं यावर निर्णय घ्यावा, फक्त तो निर्णय उद्या उलटवता येईल असा असावा.

## 'आमच्या घरात तर कुणी अपंग नाही'

पाहुण्यांत असेल. अमेरिकेत अटलांटा इथे १९८७ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एलेनॉर स्मिथ यांनी मांडलेला आग्रह नेमका हाच होता : प्रत्येक नव्या घरात निदान पाहुणा म्हणून व्हीलचेअरवरच्या माणसाला येता यावं. मागण्या तीनच. एक प्रवेश पायरीविना, दारं पुरेशी रुंद आणि तळमजल्यावर वापरता येईल असं शौचालय. घरात माया किती सोडायची हे ठरत नसेल तर या तिन्हींपासून सुरुवात करावी.

## 'घराला दवाखान्याची कळा येईल'

दवाखान्याची कळा येते ती शेवटच्या क्षणी घाईने बसवलेल्या वस्तूंमुळे. रुंद दार, सपाट फरशी, दांडीची मूठ, खण असलेला ओटा यांत कुणाला आजारपण दिसत नाही. ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलाणी १९९० मध्ये बाजारात आली. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधी सोलाणी धरता येत नव्हती, त्यातून ती सुचली होती. घेतली सगळ्यांनी, कारण ती सगळ्यांच्याच हाताला बरी वाटते.

## घर जुनं, लहान किंवा भाड्याचं असेल तर

सुरुवात बिछाना ते शौचालय या रात्रीच्या वाटेपासून करावी. सुट्या सतरंज्या आणि पायपुसणी उचलणं, वायरी भिंतीला लावणं, दिवे बदलणं, हे आज संध्याकाळी होतं. त्यानंतर दांड्या आणि जिन्याचा दुसरा कठडा. दारं आणि फरशी त्यानंतर, दुरुस्ती निघेल तेव्हा.

जागा लहान असेल तर व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं पूर्ण वर्तुळ मिळत नाही. त्याऐवजी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, ९० सेंटीमीटर रुंद बाजूंची जागा चालते. गाडी मागे-पुढे घेऊन वळवतो तसं वळता येतं. शौचालय आणि न्हाणीघर यांच्यामधली भिंत काढली तर दोन अडचणीच्या खोल्यांची एक कामाची खोली होते. ती भिंत भार पेलणारी नाही ना, हे आधी अभियंत्याकडून पाहून घ्यावं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक न पाडता कमोडभोवती ठेवायची चौकट, उंच करणारी बैठक, अंघोळीची खुर्ची आणि जमीन-छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचा खांब वापरता येतो. ऑफसेट बिजागऱ्याही निघताना काढून नेता येतात.

गवंड्याला बोलावण्याआधी व्यवसायोपचार तज्ज्ञाला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला, घरी बोलवावं. माणूस कसा उठतो, कुठल्या हाताने धरतो, कुठे थकतो हे तो पाहतो. मग फरशीवर खडूने भिंती, कमोड आणि वॉशबेसिन आखून, खुर्ची ठेवून, त्या माणसालाच आत-बाहेर करायला सांगावं. कागदावर बसलेली अनेक मापं इथे चुकीची निघतात, आणि खडू पुसता येतो.

आणि भिंती गिलाव्याने किंवा टाइलने बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, त्यात जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप लावलेला दिसला पाहिजे. प्लायवूड कुठे आहे, नळ कुठून गेला आहे, वायर कुठे आहे हे त्यात टिपलेलं असतं. हे फोटो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत, म्हणजे दहा वर्षांनी दांडी बसवायला येणाऱ्याला ड्रिल कुठे टेकवायचं आणि कुठे टेकवायचं नाही, हे पाहून ठरवता येईल.